कातड्याची तहान

कोल्हापूरकडचा माणूस चपलेला पायताण म्हणतो. कापशी घाटाचे नवे पायताण घालून कोणी दारात आले, तर माणूस दिसण्याआधी त्याची चाहूल लागते. कर्र, कर्र! या पादत्राणांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्याचे वाटेकरी आहेत. परंतु पायताण करणाऱ्याचे कौशल्य जितके वाखाणले जाते, तितकी ते राखण्याची विद्या मात्र कोणी विचारीत नाही.

पंचगंगेकाठच्या एका गावात एका वृद्ध गुरुजींपाशी असा एक जोड होता. दसरा, लग्नकार्य आणि जोतिबाची वारी एवढ्यापुरताच तो बाहेर निघे. ज्या कारागिराने तो केला, त्याची नजर पुढे अधू झाली. तेव्हा तसा दुसरा जोड आता त्याच्या हातून होणे नव्हते.

एके दिवशी, ऐन श्रावणात, गुरुजींच्या बारा वर्षांच्या नातवाने तो जोड न विचारता पायांत घातला आणि गावभर मिरवून आणला. सर आली आणि पायताण चिंब झाले. घाबरलेल्या मुलाने कोणाला कळू नये म्हणून ते चुलीच्या अगदी तोंडाशी वाळत ठेवले. संध्याकाळी पाहतो तो काय! भाजलेल्या पापडासारखे ते आखडले होते आणि उजव्या पट्ट्याला आडवी भेग गेली होती. मुलाचा चेहरा उतरला. गुरुजी रागावले नाहीत. ते गप्प राहिले, आणि मुलाला तेच अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी दोघे कारागिराकडे गेले. त्याने पायताण डोळ्यांनी पाहिलेच नाही; बोटांनी चाचपले.

"भिजलं तेवढ्यानं काही बिघडलं नसतं, गुरुजी. हे शेकलं हो!" तो म्हणाला. मग मुलाकडे वळून म्हणाला, "लेका, म्हैस जिती असते तंवर तिच्या कातड्याला अंगातली चरबी मिळते. आम्ही ते चुन्यात घालतो, मग बाभळीची साल नि हिरडा यांच्या पाण्यात कमावतो. त्यानं कुजणं थांबतं, पण चरबीही जाते. ती आपण वरून द्यायची. कातड्याला तेलाची तहान असते."

कारागिराचे बोलणे शास्त्राला धरूनच होते. कातडे म्हणजे बारीक तंतूंची दाट वीण. तंतूंमध्ये स्निग्धता असली की ते एकमेकांवरून सहज सरकतात आणि कातडे वाकते. ती गेली की ते चिकटतात, आणि वाकवताच तडा जातो. ओले कातडे फार तापले तर तंतू आक्रसतात, ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. ओले पायताण सावलीतच वाळवावे, ते यासाठी.

घरी आल्यावर आजोबा-नातू कामाला लागले. २० ग्रॅम मधमाश्यांचे मेण आणि ६० ग्रॅम एरंडेल त्यांनी तराजूत तोलून घेतले. जवसाचे तेल घरात होते, पण ते हवेने घट्ट होऊन कातड्याला ताठ करते. शेंगदाण्याचे पुढे खवट होते. एरंडेल बराच काळ पातळ राहते. तेल आत मुरते आणि मेण वर राहून पाणी अडवते; ही जोडी एकमेकांना पूरक आहे.

मेण थेट विस्तवावर ठेवू नये, ते पेट घेते. म्हणून पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरे भांडे ठेवले. मेण साधारण ६३ अंशांना वितळते, आणि उकळते पाणी १०० अंशांपलीकडे जात नाही. त्यामुळे धोका टळतो. भांडे उचलण्याचे काम अर्थातच आजोबांचे. मिश्रण डबीत ओतले. निवाल्यावर ते लोण्याहून किंचित घट्ट झाले.

मुलाला घाई झाली होती. त्याने बोटभर मलम उचलताच आजोबांनी त्याचा हात धरला. "आधी तळाच्या कडेला लावून पाहा. रंग किती गडद होतो ते कळेल. आणि फार लावू नकोस; तेल जास्त झाले तर कातडे लिबलिबीत होते."

पायताण कोरड्या फडक्याने पुसून मुलाने पातळ हात फिरवला, रात्रभर ठेवले आणि सकाळी उरलेले पुसून काढले. चार दिवसांनी पुन्हा तसेच केले. तिसऱ्या खेपेला पट्टे वाकू लागले, वेणीवर तकाकी आली. तळाचा बाक थोडा राहिला, आणि भेग तर तशीच राहिली. मेणाने भेग सांधत नाही.

तिच्यासाठी कारागिराने पुन्हा एकदा आरी हातात घेतली. बोटाने जागा शोधीत त्याने बारीक वादी ओवली. टाके किंचित वाकडे पडले. मुलगा शेजारी डबी धरून बसला होता. पैसे घेण्यापूर्वी म्हाताऱ्याने त्या डबीतले मलम बोटावर घेऊन हुंगले आणि मान डोलावली.

दसऱ्याला गुरुजी सोने लुटायला निघाले. मुलगा ओसरीवर कान देऊन उभा होता. डाव्या पायाची कर्र लगेच ऐकू आली. उजव्याची यायला चार पावले लागली.