खेळातला कट आणि व्हॉट्सॲपवरचा कट

मंडळी, भारतातून आई-बाबा आले की ज्या लिबर्टी आयलंडवर आपण त्यांना हौसेने फोटो काढायला नेतो, तिथेच 'डेअस एक्स' हा व्हिडिओ गेम सुरू होतो. टेक्ससमधल्या ऑस्टिनला, आयन स्टॉर्म कंपनीत, वॉरन स्पेक्टर यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला आणि २००० साली बाजारात आला. गोष्ट २०५२ सालची. स्वातंत्र्यदेवीचं डोकं अतिरेक्यांनी उडवलेलं. 'ग्रे डेथ' नावाची साथ पसरलेली, लस तुटपुंजी, तीही बड्या धेंडांनाच. आणि साथ मुद्दाम पसरवलेली! इल्युमिनाटी, एरिया ५१, मॅजेस्टिक १२, अशा कितीतरी वावड्या या खेळात एकदम खऱ्या. 'एक्स-फाइल्स' १९९३ पासून टीव्हीवर गाजत होती, तेव्हा असला मसाला लोक चवीने खात.

आता तो चांगलाच आंबला आहे, असं आम्हाला वाटतं.

खेळातल्या न्यूयॉर्कच्या चित्रात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे नाहीत. पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर २००१ ला, ते खरोखर पडले. झालं! "यांना आधीच ठाऊक होतं" म्हणणारे निघाले. बनवणाऱ्यांनी सांगितलेलं कारण अगदी साधं आहे. चित्राला मेमरी पुरेना, म्हणून शहराचा तेवढा भाग गाळला, आणि मनोरे अतिरेक्यांनी आधीच पाडले असं गोष्टीत धरून चालले. कटाच्या गोष्टीचाच कटाचा पुरावा झाला!

मग २०२० साली खरी साथ आली. लस आल्यावर "त्यात चिप आहे" हे आपल्या काका-मामांच्या व्हॉट्सॲपवरही फिरलं. आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले, त्यामुळे फोन आमच्याकडे. फायझरच्या लशीत काय होतं ते छापलेलं आहे: एमआरएनए, चार प्रकारचे स्निग्ध पदार्थ, क्षार आणि साखर. यादी वाचून दाखवली की पलीकडून उत्तर यायचं, "ते असंच छापणार!" यापुढे आमचं शास्त्र काय करणार? इकडे घरातल्या वडीलधाऱ्यांची लस मात्र लांबणीवर पडत होती.

म्हणून कट नसतातच असं मुलांना सांगून भागत नाही. अलाबामात टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीयांना उपचाराविना ठेवलं. पेनिसिलिन मिळू लागल्यावरही! त्याच सेवेत काम केलेल्या पीटर बक्स्टन यांनी माहिती असोसिएटेड प्रेसपर्यंत पोचवली, तेव्हा ते उघडकीला आलं. तिथे खातं होतं, साल होतं, कागद होते. साऱ्या जगावर राज्य करणारी गुप्त मंडळी नव्हती.

खेळात कटवाल्यांचा संगणक उघडला की ई-मेलमध्ये सगळं कबूल केलेलं सापडतं. प्रयोगशाळेत असं कोणी आयतं हातात देत नाही. तिथे मोजावं लागतं, पुन्हा मोजावं लागतं.

तेव्हा आपल्या मोठ्या मुलांनी हा खेळ जरूर खेळावा. गोष्ट अजूनही झकास आहे. फक्त कधीतरी शेजारी बसून विचारा: कोणी केलं? कधी? कागद कुठे आहे? आणि पुढचा निरोप व्हॉट्सॲपवर ढकलण्याआधी हेच तीन प्रश्न आपणही स्वतःला विचारू या.