अज्जीचं सोबान आणि अकरा मिनिटं

गेल्या वैशाखात धारवाडला माझ्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न झालं. त्याच्या दोन महिने आधी मेव्हणीचा फोन आला. बोलणं सगळं कानडीत आणि सगळं माझ्या बायकोशी. पण शेवटी काम आलं ते माझ्या गळ्यात. आमच्या लग्नात, २००३ साली, यांच्या अज्जीनं सोबान पद म्हटलं होतं. ते लग्नाच्या हॉलमध्ये लावायचं. "अहो, तुमच्याकडं ती कॅसेट आहे नव्हं? तेवढं काढून द्या की."

तुमच्याही घरी लग्नाची सीडी असेल. लावून बघा. बायका जात्याजवळ बसून गातायत, तोंडं हलतायत, आणि वर सिनेमातलं गाणं वाजतंय. त्या काळच्या व्हिडिओवाल्यांची ही पद्धतच होती. आमच्याही सीडीत अज्जी दिसते, ऐकू येत नाही. खरा आवाज होता तो फक्त मूळ मिनी डीव्ही कॅसेटवर. ती मी तेव्हा जास्तीचे पैसे देऊन मागून घेतली होती, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

हे काम स्टुडिओत देऊन टाकता आलं असतं. पण मी म्हटलं, मीच करतो. मी हायस्कुलात गणित शिकवतो, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं एडिटिंगही करतो, त्यामुळे घरी कुणाला त्यात नवल वाटलं नाही. कॅसेट दुसऱ्याच्या हातात का द्यायची नव्हती, ते पुढं येईलच.

पहिली अडचण कॅमेऱ्याची. भावाचा हँडीकॅम कपाटात पडून होता. बॅटरी मेलेली, पण अ‍ॅडॅप्टरवर चालू झाला. चित्र मात्र सगळं चौकोन चौकोन. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते, हेडवर धूळ बसते. हेड क्लीनिंगची कोरडी कॅसेट मिळाली, ती दहा सेकंद फिरवली. जास्त फिरवायची नसते, हेड घासलं जातं. चौकोन गेले.

दुसरी अडचण वायरीची. या कॅमेऱ्यातून टेपवरचं चित्र जसंच्या तसं बाहेर येतं ते फायरवायरनं, आणि हल्लीच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. एका दुकानात यूएसबीचं छोटं जोडणं मिळालं, साडेतीनशे रुपयांना. ते नुसतं टोकाला टोक जुळवतं. फायरवायर आणि यूएसबी यांची बोलायची भाषाच वेगळी, मधे दुभाषा नाही. मग काय उपयोग? (आमच्या घरात दुभाष्याचं महत्त्व मी सांगायला नको.) पैसे गेले. शेवटी शाळेच्या लॅबमधून मोडीत निघालेला जुना डेस्कटॉप आठवला. त्यात कधीकाळी फायरवायरचं कार्ड बसवलेलं होतं. हेडमास्तरांना विचारून तो स्कूटरवरून घरी आणला.

रात्री जेवणं झाल्यावर कॅसेट लावली. एकोणीस मिनिटांच्या आसपास उतरवणं आपोआप थांबलं. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच. अज्जीचं पद होतं बाविसाव्या मिनिटाला. टेप तिथं खराब झाली की काय, म्हणून पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशी टेप पुढं सरकवून मधूनच सुरू केली, तरी ती पुन्हा एकोणीस मिनिटं चालूनच थांबली. म्हणजे दोष टेपचा नव्हता. डीव्हीचं चित्र तासाला सुमारे १३ जीबी जागा खातं. एकोणीस मिनिटांचे होतात जवळजवळ ४ जीबी. डेस्कटॉपची डिस्क भरलेली म्हणून मी बाहेरची जुनी डिस्क लावली होती, ती एफएटी ३२ पद्धतीची. त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. डिस्क रिकामी करून एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली. स्क्रीनसेव्हर आणि अँटीव्हायरसही बंद केले, कारण ते मधेच जागे झाले की फ्रेम गळतात. मग तासाची कॅसेट एका दमात उतरली.

आणि मग जे मला माहीत होतं तेच दिसलं. अज्जीचं पद चार मिनिटं चालतं. पाचव्या मिनिटाला पडदा निळा होतो, आणि २००५ च्या अनंत चतुर्दशीची मिरवणूक सुरू होते. अकरा मिनिटं. त्यानंतर पुन्हा अज्जी, शेवटचं दीड मिनिट.

ती मिरवणूक मी घेतली होती. घाईत कोरी कॅसेट सापडेना, हाताला ही लागली. कडेची खटकी 'सेव्ह'कडे सरकवलेली असती तर कॅमेऱ्यानं रेकॉर्डिंग केलंच नसतं, पण ती मीच सरकवली नव्हती. त्याच रात्री चूक कळली होती. कॅसेट डब्यात ठेवली, डबा कपाटावर ठेवला, आणि बायकोला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी अज्जी गेली. मग तर सांगणं होईच ना.

पण नवी भानगड वेगळीच. मिरवणुकीतले ढोल भलत्याच वेगानं, चिरक्या आवाजात वाजत होते. त्यानंतर अज्जी दिसत होती, पण ऐकू येत होती जेवणावळीची गडबड. आणि फाईलच्या शेवटी चित्र चालू, आवाज बंद. आधी सॉफ्टवेअरला दोष दिला, काढून पुन्हा टाकलं. स्पीकर बदलला. आवाज हातानं मागं ओढून बघितला, तर पुढचं जुळायचं आणि मागचं बिघडायचं. शेवटी कागद घेतला. फाईलच्या शेवटचा मुका भाग मोजला: ३ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे २२० सेकंद. मिरवणूक ६६० सेकंदांची. बरोबर एक तृतीयांश!

मग उलगडलं. व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यानं आवाज सेकंदाला ४८ हजार नमुन्यांनी घेतला होता. आमचा हँडीकॅम घेतो ३२ हजारांनी. एका दमात उतरवताना संगणकानं पहिल्या मिनिटाचं माप सगळ्या कॅसेटला लावलं. त्यामुळे मिरवणुकीचा अकरा मिनिटांचा आवाज ७ मिनिटं २० सेकंदांत संपला आणि मागचं सगळं पुढं सरकलं. उपाय साधा: कॅसेट तीन तुकड्यांत उतरवायची, जिथं माप बदलतं तिथं थांबून नवी फाईल करायची. बत्तीस वर्षं त्रैराशिक शिकवतोय, पण इतक्या आनंदानं कधी सोडवलं नव्हतं.

तिसरा तुकडा लावला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले असतील. अज्जीचे ओठ आणि शब्द एकत्र आले. आतल्या खोलीतून ही धावत आली. "अज्जी दनी बंतु!" म्हणाली आणि खुर्चीच्या दांडीवरच बसली. दीड मिनिट संपलं. "सुरुवातीपासून लावा की," म्हणाली.

लावलं. चार मिनिटांनी मिरवणूक आली. मी पुढं सरकवलं नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीखही होती. "एनायतु?" तिनं विचारलं, आणि मी सांगितलं. ती उठून आत गेली. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं, तेही मराठीत.

तिसऱ्या दिवशी तिनं धारवाडला मावशीला फोन लावला. मधली कडवी मावशीला येत होती. लग्नात मग असं झालं: पडद्यावर अज्जी चार मिनिटं, मग पडदा काळा, हॉलमध्ये मावशी उभी राहून मधलं म्हणाली, आणि शेवटचं पुन्हा अज्जी. त्यासाठी बाकीच्या दुरुस्त्या मी पटापट केल्या. हात हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसत, त्या डीइंटरलेस करून घालवल्या. नावं घालताना कानडीतली जोडाक्षरं सुटी सुटी होत होती. सेटिंगमध्ये भारतीय लिपींसाठी वेगळं टेक्स्ट इंजिन निवडल्यावर ती जुळली. हॉलच्या टीव्हीला मूळ फाईल वाचता येईना म्हणून एमपी४ करून पेनड्राइव्हवर नेली, आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिथं जाऊन लावून बघितली. हे शेवटचं मात्र कुणीही चुकवू नये.

परत आल्यावर चार-आठ दिवसांनी ही म्हणाली, "ती अकरा मिनिटं कुठं आहेत?" मला वाटलं, पुन्हा तोच विषय.

"मामंजी आहेत नव्हं त्यात? लेझीम घेऊन?"

होते. कपिलेश्वर तळ्याच्या वाटेवर, धोतराचा काचा मारून, माझ्याकडे बघत. बाबा २०११ मध्ये गेले. त्यांचं दुसरं चालतं-बोलतं चित्र आमच्याकडे नाही. इतकी वर्षं त्या अकरा मिनिटांकडे मी फक्त चूक म्हणून बघत होतो, त्यामुळे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो तुकडा वेगळा काढला, आवाज ३२ हजारांवर ठेवून. ढोल आता बरोबर वाजतात. भावाला एक प्रत दिली, एक तिनं मागून घेतली आणि धारवाडला पाठवली.