उदगीर, किल्ला आणि वाकडा मॉनिटर

वीकेंड म्हटला की आपली गाडी लोणावळ्याच्या पुढे सरकत नाही. माझी यावेळी थेट उदगीरला पोचली. कारण किल्ला नव्हे, चक्क मॉनिटर!

झालं असं, माझ्या मावसभावाचं उदगीरला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, सगळं. दिवाळीत त्याचा फोन आला, 'अगं, दहा-बारा हजारांत कोणता मॉनिटर घेऊ?' मी बिनधास्त सांगून टाकलं, 'कर्व्ह्ड घे दादा, सॉलिड दिसतो.' त्याने घेतला. परवा पुन्हा फोन, 'ये अन् बघ एकदा.' आवाज काही सॉलिड नव्हता.

लातूरहून एसटी. उदगीर म्हणजे कर्नाटक-तेलंगणाच्या कडेचं गाव, त्यामुळे मराठीच्या जोडीला उर्दू, कन्नड, तेलुगू कानावर पडतच राहते. पानिपतच्या जेमतेम वर्षभर आधी, १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते इथेच. आणि २०२२ चं पंच्याण्णवावं साहित्य संमेलनही इथलंच. म्हणजे शुद्धलेखनाला जपून!

दुकानात दोन्ही मॉनिटर शेजारी-शेजारी. दोन्ही चोवीस इंची, फुल एचडी. जुना फ्लॅट, आयपीएस पॅनेलचा. नवा कर्व्ह्ड, व्हीए पॅनेलचा. बजेटमधले कर्व्ह्ड बहुतेक व्हीएच असतात, आणि खरी गोम तिथेच आहे. वळण किती, तर '१५०० आर', म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. चोवीस इंचांत कडा मध्यापेक्षा जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर पुढे येतात. बस्स, एवढाच फंडा.

मी खुर्चीत बसले. नवरीचा रात्रीचा फोटो उघडला. कर्व्ह्डवर काळा रंग खरंच काळा. व्हीएचा कॉन्ट्रास्ट साधारण तीन हजारास एक, साध्या आयपीएसचा हजारास एक. फ्लॅटवर तोच काळा राखाडी वाटला. मी विजयी मुद्रेने दादाकडे पाहिलं.

'आता उठ,' तो म्हणाला, 'अन् गिऱ्हाईक उभं राहतंय तिथं उभी रहा.'

उभी राहिले आणि पत्रिकेची शिरोरेषा धनुष्यासारखी वाकली! बाजूला सरकले तर लाल कुंकवाचा रंग फिका. फ्लॅटवर मात्र बाजूनेही लाल तो लालच. माझ्या डोक्यात पुण्यातलं डेस्क होतं हो, एक खुर्ची, एक माणूस, कानात हेडफोन. उदगीरात पत्रिका पाहायला घर येतं. मामा, आत्या, नवरदेवाचा मित्र, सगळे एकदम, आणि प्रत्येकाला आपलं नाव बरोबर आहे का ते बघायचं असतं.

तेवढ्यात एक कुटुंब आलंच. आजीबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकल्या. 'माझं नाव कुठाय? मला तर सगळं पांढरं पांढरं दिसायलंय.' दादाने काही न बोलता तीच फाइल फ्लॅटवर टाकली. आजी पुढे वाकल्या, एकेक अक्षर वाचलं, आणि म्हणाल्या, 'आडनाव चुकलंय की रे!' खरंच चुकलं होतं. सहाशे पत्रिका छापून झाल्यावर कळलं असतं तर कागदाचे पैसे दादाच्याच खिशातून गेले असते. माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार.

तर मंडळी, एकट्याने बसून सिनेमे, गेम्स किंवा रात्रीचं काम करायचं असेल तर कर्व्ह्ड मस्त. चारजणांना दाखवायचं असेल, रंग कागदाशी जुळवायचे असतील, तर साधा फ्लॅट आयपीएस घ्या. आणि सत्तावीस इंचाचा मोह झालाच, तर फुल एचडीत तिथे इंचाला साधारण ८२ पिक्सेल उरतात, चोवीसला ९२ मिळतात. बारीक वेलांट्या वाचताना तो फरक जाणवतो.

संध्याकाळी किल्ल्यावर जाऊन उदयगिरी महाराजांच्या समाधीला हात जोडले. परत आले तर दादाने टेबल फिरवलं होतं. फ्लॅट गिऱ्हाइकांकडे, कर्व्ह्ड त्याच्या खुर्चीसमोर. 'मोठी केबल लागेल,' तो म्हणाला, 'ती तू आणायची पुण्याहून. तुझ्या खर्चानं!'