प्रश्नपत्रिकेचा कौल

त्या जूनमध्ये आमच्या सांगलीच्या घरात बोलायला दोनच विषय होते, पाऊस आणि माझी ॲडमिशन. जेईई ॲडव्हान्स्डच्या रँकवर पवईच्या आयआयटीत मेटलर्जी मिळण्यासारखी होती. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बेंगळुरू केंद्रातल्या बी. मॅथच्या यादीतही माझं नाव लागलं होतं.

"पवई सोडून गणितं करायला बेंगळुरूला?" मामा म्हणाला. "पुढे नोकरी कोण देणार?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आयएसआयचं नाव आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. महालनोबिसांनी ती १९३१ मध्ये कोलकात्यात काढली, १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला, २००७ चं आबेल पारितोषिक मिळवणारे वरधन तिथेच पीएचडी झाले, हे सगळं मी सांगून पाहिलं. बाबा नुसते हं हं करत होते. शिक्षणाची फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं, हे कळल्यावर मात्र त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

मी स्वतः तरी कुठे ठाम होते? रात्री आयआयटीच्या जागा वाटणाऱ्या जोसाच्या साइटवर मागच्या वर्षांचे क्लोजिंग रँक बघत बसायचे. कोणती जागा आधी भरते, कोणती शेवटी उरते, एवढं त्यावरून कळत होतं. बाकीच्यांना काय हवंय याचा तो हिशेब होता.

शेवटी दोन्हींच्या जुन्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. ॲडव्हान्स्डचे तीन-तीन तासांचे दोन पेपर, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. पर्याय निवडायचा नाहीतर आकडा भरायचा, तिथवर कसे पोचलात हे कुणी विचारत नाही. आयएसआयचा सकाळचा पेपर असाच पर्यायांचा, पण दुपारी दोन तासांत आठ प्रश्न आणि प्रत्येकाची सिद्धता लिहून दाखवायची. तिथे नुसत्या उत्तराला किंमत नाही.

ॲडव्हान्स्डचा पेपर मी घड्याळाकडे बघत सोडवला होता, संपल्यावर हुश्श झालं. आयएसआयचा एक अर्धवट राहिलेला प्रश्न मात्र घरी येऊन रात्री जेवतानाही डोक्यात होता. परीक्षा घेणारा पुढे काय शिकवणार, हे तो पेपरातच दाखवून देतो. मला दुपारचं ते काम रोज करायचं होतं.

बेंगळुरूला पहिल्याच सत्रात ॲनालिसिसने घाम काढला. शाळेत बिनदिक्कत वापरलेल्या गोष्टी तिथे मुळापासून सिद्ध कराव्या लागत होत्या. पण वर्ग लहान असल्यामुळे सरांना फळ्यापाशी गाठून भांडता यायचं.

आता सांगलीहून बारावीतली मुलं फोन करून "कुठलं चांगलं?" विचारतात. मी म्हणते, दोन्हीकडचे पेपर सोडवा आणि कुठला पुन्हा सोडवावासा वाटतो ते बघा. एकीने तसं केलं आणि पवईला मेकॅनिकल घेतलं. सिद्धता लिहायचा तिला भारी कंटाळा आला म्हणे. तिचीही निवड बरोबरच होती.