पंखावरची माणसे

मॉडेल किटच्या खोक्यावरील चित्रात विमान नेहमी झुंजताना दिसते. वर काळे ढग, खाली उसळलेला समुद्र आणि पंखाखालून सुटणारे बॉम्ब. झाकण उघडले की हा सारा आवेश नाहीसा होतो. आत असतात प्लास्टिकच्या करड्या चौकटी आणि फांदीला फळे लगडावीत तसे त्यांना चिकटलेले लहानमोठे भाग, पारदर्शक काचांची वेगळी पिशवी, चिन्हांचा एक कागद आणि क्रमांक घातलेल्या आकृत्यांची पुस्तिका. युद्ध झाकणावर राहते. आत फक्त काम असते.

दिवसभराचा व्यवहार आटोपून, टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून जो हौशी कारागीर या कामाला बसतो, त्याला पहिल्याच संध्याकाळी घाई सोडावी लागते. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर तेलकट थर असतो. तो साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय रंग धरत नाही. प्रत्येक भाग चौकटीपासून तोडायचा नसतो, कापायचा असतो. कापलेली जागा पॉलिश पेपरने घासायची, गोंद न लावता दोन भाग जुळवून पाहायचे, आणि मगच ते जोडायचे. हा गोंद प्लास्टिकला विरघळवून दोन भागांचा एक भाग करतो. म्हणून चुकीचा सांधा उलगडत नाही, मोडतोच.

दुसऱ्या महायुद्धातील ‘कॅटलिना’ ही उडती नौका अशा कारागिरांच्या फार आवडीची. अमेरिकेतील ‘कन्सॉलिडेटेड’ कंपनीने बनवलेल्या या विमानाचे पहिले उड्डाण १९३५ साली झाले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानजीकच्या बेटावरून आलेले ‘कॅटलिना’ हे नाव तिला ब्रिटिशांनी दिले. पुढे अशी तीन हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. उडत्या नौकेचे धडच होडीसारखे असते. तिच्या तळाला मध्यभागी एक आडवी पायरी काढलेली असते. पाणी सपाट तळाला धरून ठेवते. विमान वेगाने धावू लागले की ही पायरी ती पकड सोडवते, आणि मगच विमान वर उठते. कॅटलिनाचा एकसंध लांब पंख धडाच्या वर, एका खांबावर तोललेला असतो. त्यावर दोन इंजिने बसवलेली असतात. पंखाच्या टोकांचे तरंगते भाग पाण्यावर असताना खाली येतात आणि उड्डाणात वर दुमडून पंखाचेच टोक बनतात. धडाच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या मोठ्या थेंबासारखे काचेचे फुगवटे असतात. त्यांतून टेहळणी करणारे तासन् तास समुद्र न्याहाळीत. किटमधील हे फुगवटे चिकटवताना हात जपावा लागतो. चुकीच्या गोंदाची नुसती वाफ लागली तरी त्यावर पांढुरके धुके धरते, आणि ते धुके पुसून जात नाही.

खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: १/७२. खऱ्या विमानातील बहात्तर सेंटिमीटर येथे एक सेंटिमीटर झाले आहेत. खऱ्या कॅटलिनाच्या पंखांचा पसारा सुमारे ३१.७ मीटर, म्हणून मॉडेलचा ४४ सेंटिमीटर. लांबी साडेएकोणीस मीटर, म्हणून येथे २७ सेंटिमीटर. मध्यम उंचीचा माणूस या प्रमाणात अडीच सेंटिमीटरही भरत नाही; बोटाच्या एका पेराएवढा होतो. व्यापाराच्या वहीत जसा प्रत्येक आकड्यामागे खरा माल आणि खरे माणूस असते, तसे या प्रमाणामागेही असते. वही नीट ठेवणाऱ्याला आकडा पाहून माल दिसतो. मॉडेल नीट करणाऱ्यालाही तसेच काहीसे दिसू लागते.

धडाचे दोन अर्धे भाग जोडण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. तीन हजारांपैकी कोणते विमान घडवायचे, आणि त्याच्या आयुष्यातील कोणता दिवस? २६ मे १९४१ रोजी अटलांटिकवर ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा माग काढणारी एक कॅटलिनाच होती. ४ एप्रिल १९४२ रोजी सिलोनकडे निघालेला जपानी आरमाराचा ताफा हेरून त्याची वर्दी देणारे कॅनेडियन वैमानिक लिओनार्ड बर्चल यांचे विमानही कॅटलिना. वर्दी देता देता ते पाडले गेले. रात्रीच्या हल्ल्यांसाठी सर्वांगी काळी रंगवलेली विमाने आणखी वेगळी. किटमध्ये या साऱ्यांची सोय असते. पंखाखाली टांगायचे बॉम्बही असतात, कारण हे विमान सुमारे १,८०० किलोचा दारूगोळा वाहू शकत असे.

अशा वेळी टेबलाशी बसलेले घरातील मूल हमखास विचारते, “आजोबा, बॉम्ब कधी लावायचे?”

“या विमानाला ते लागायचे नाहीत,” असे उत्तर ज्या घरात मिळते, त्या घरात २ ऑगस्ट १९४५ ची गोष्ट सांगावी लागते.

‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकेची युद्धनौका त्या वर्षीच्या जुलैअखेर पॅसिफिक महासागरातून निघाली होती. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी तिला गाठले, आणि काही मिनिटांत ती बुडाली. जहाजावर सुमारे १,२०० माणसे होती. त्यांपैकी नऊशेच्या आसपास पाण्यात उतरू शकली. जहाज ठरल्या वेळी बंदरात पोहोचले नाही, तरी शोध सुरू झाला नाही. तहान, ऊन, समुद्राचे खारे पाणी आणि शार्क यांच्यात माणसे दिवसामागून दिवस संपत गेली. चौथ्या दिवशी गस्तीवरील एका विमानाच्या वैमानिकाला, विल्बर ग्विन यांना, पाण्यावर तेलाचा तवंग आणि त्यात माणसांची डोकी दिसली. त्यांनी वर्दी दिली आणि पेलेलिऊ बेटावरून लेफ्टनंट एड्रियन मार्क्स आपली कॅटलिना घेऊन निघाले.

त्यांचे काम तराफे आणि सामान वरून टाकण्याचे होते. खुल्या समुद्रावर विमान उतरवू नये, असा स्थायी हुकूम होता, आणि तो विनाकारण नव्हता. खाडीचे शांत पाणी वेगळे आणि महासागराची लाट वेगळी. त्या दिवशी लाटा बारा फुटांच्या होत्या. मॉडेलसाठी समुद्राचा तळपाट करताना ही उंची मोजली, तर लाट पाच सेंटिमीटरची होते. चाकांवर उभे असलेले मॉडेल जमिनीपासून पंखाच्या वरच्या टोकापर्यंत साडेआठ सेंटिमीटरच्या आत असते. ही दोन मापे पट्टीवर शेजारी शेजारी धरली की हुकूम कशासाठी होता ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

वरून पाहणाऱ्यांना शार्क माणसांवर तुटून पडताना दिसत होते. मार्क्स यांनी आपल्या सहकाऱ्यांचे मत घेतले आणि सर्वांच्या संमतीने विमान लाटांवर उतरवले. ते आदळले, उसळले, पुन्हा आदळले. धडाचे काही रिव्हेट उखडले, सांधे सुटले आणि पाणी आत येऊ लागले. मॉडेलच्या पृष्ठभागावर हे रिव्हेट मोहरीहूनही बारीक टिंबांच्या ओळींनी दाखवलेले असतात. पुट्टी भरून सांधा घासताना ती टिंबे पुसली जाऊ नयेत म्हणून कारागीर हात आखडतो. त्या ओळींनी पाण्याबाहेर काय धरून ठेवले होते, हे कळल्यावर हात आणखी आखडतो.

विमान उतरले, तरी खरा कठीण निर्णय पुढेच होता. पाण्यात शेकडो माणसे आणि विमान एक. काही माणसे एकमेकांना धरून गटाने तरंगत होती, काही एकेकटी विखुरली होती. मार्क्स यांनी एकट्या पडलेल्यांना आधी उचलायचे ठरवले, कारण गटातील माणसाला निदान शेजाऱ्याचा आधार होता. हात वर करून बोलावणाऱ्या गटांना मागे टाकून पुढे जाणे म्हणजे काय, याचे मोजमाप कोणत्याही प्रमाणात होत नाही.

या विमानाचे पोट आठ-नऊ जणांच्या चमूसाठी होते; आत आडव्या भिंती आणि त्यांतील अरुंद दरवाजे. ते लवकरच भरले. मग माणसे पंखावर चढवली गेली आणि पॅराशूटच्या दोऱ्यांनी तेथे बांधली गेली. एकूण ५६ माणसे.

५६ हा आकडा वाचताना डोळा सहज पुढे सरकतो. पण एखादा कारागीर १/७२ प्रमाणातील छोट्या बाहुल्या घेऊन ते दृश्य मांडू लागला, तर आकडा हळूहळू बोटांत उतरतो. धडाच्या एका अर्ध्या भागात, पोटाशी पाय घेऊन बसलेल्या बाहुल्या एकेक करून ठेवीत जावे. बसायला जागा, मग उभे राहायला जागा, मग तीही संपते. उरलेल्या पंखावर. तो पंख केवढा, तर जेमतेम अडीचशे चौरस सेंटिमीटरचा, मध्येच इंजिनांनी अडवलेला आणि समुद्राबरोबर डोलणारा.

आणि पंखाचा मागचा भाग धातूचा नव्हताच. कॅटलिनाच्या पंखाच्या मागील पट्ट्यावर कापड ताणून बसवलेले असे. किटमध्ये तेथे बारीक फासळ्या उठलेल्या दिसतात, छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे तशा. हे कापड वारा पेलण्यासाठी होते. माणसांचे वजन, त्यांचे गुडघे आणि टाचा पेलण्यासाठी नव्हते. पंखावर माणसे घेतली तेव्हा पंखाची नासाडी झाली, आणि हे विमान पुन्हा आकाशात जाणार नाही हे ठरून गेले. ते आता काळोखात तरंगणारी होडी होते. रात्री ‘सेसिल जे. डॉइल’ ही विनाशिका येऊन पोहोचली; सारी माणसे तिच्यावर चढवली गेली. मग निकामी झालेले विमान त्याच नौकेच्या तोफांनी बुडवण्यात आले.

त्या दुर्घटनेतून शेवटी ३१६ माणसे वाचली. म्हणजे सहांत एकाहून किंचित अधिक माणसे या एका विमानाच्या पोटात आणि पंखावर होती. जमाखर्च मांडायचाच झाला तर नावे एक विमान आणि जमा ५६ जीव, इतका तो सरळ आहे. पण त्याच वहीचे आधीचे पान उलटले तर ‘इंडियानापोलिस’ने बुडण्याच्या काही दिवस आधी, २६ जुलैला, टिनियन बेटावर काय उतरवले होते, तेही लिहिलेले सापडते: हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बचे भाग. ज्यांना वाचवले तेही याच युद्धाचे सैनिक होते. मार्क्स यांच्या चमूने पाण्यातील माणसाला काही विचारले नाही. त्याचा हात धरला आणि वर ओढले. युद्धाचा एकूण हिशोब त्यामुळे बदलला नाही. ५६ घरांचा मात्र बदलला.

हे सारे कळल्यावर पुढील काम पूर्वीसारखेच असते, तरी हात वेगळे चालतात. काचांवर बारीक पट्ट्या चिकटवून त्या झाकायच्या. युद्धाच्या उत्तरार्धातील अमेरिकी नौदलाच्या पद्धतीने वर गडद निळा, बाजूंना मधला निळा आणि पोटाला पांढरा रंग द्यायचा. वरून पाहिले तर समुद्रात मिसळावा, खालून पाहिले तर आकाशात. एक थर सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. चिन्हे पाण्यात भिजवून, कागदावरून अलगद सरकवून बसवायची. विमान जमिनीवर उभे करायचे असते तर नाकात वजन भरावे लागले असते, नाहीतर ते शेपटीवर बसते. पण हे पाण्यावर आहे, म्हणून चाके आत आणि टोकांचे तरंगते भाग खाली. पंखाच्या कापडी पट्ट्यावर शेवटी हलकी छटा द्यायची, फासळ्या दिसतील एवढीच.

काम संपते तेव्हा चौकटींना काही भाग चिकटून राहिलेले असतात. सरावलेला कारागीर असे भाग फेकून देत नाही. पुढे कुठे उपयोगी पडतील म्हणून त्यांची एक डबी असते. त्या डबीत चाळीस चाके, जास्तीचे पंखे, एखादी शिडी पडलेली असते. बॉम्बही तिथेच जातात, न रंगवलेले, करडे. विमान दिवाणखान्याच्या कपाटात काचेआड बसते. आठवड्यातून एकदा मऊ कुंचल्याने त्यावरची धूळ झाडावी लागते, आणि पंखाच्या मागच्या पट्ट्यावर कुंचला जरा हलक्या हाताने फिरवावा लागतो.