संगणक ऐकेना तेव्हां

दहावीचे अंतर्गत गुण पाठविण्याची मुदत दोन दिवसांवर आली असतां आमच्या कचेरींतील संगणक कळफलक व माउस या दोहोंनाही ओळखीनासा झाला. पडदा उजळलेला, सर्व गुण आंत सुरक्षित. पण आज्ञा द्यावी तर ऐकतो कोण?

कित्येकांनीं नवा कळफलक आणण्याचा सल्ला दिला. आम्हांस तो पटेना. दोन्ही साधनें एकाच क्षणीं निकामी होणें संभवनीय नव्हे. यंत्र सुरू होतांच आम्ही डिलीट कळ दाबली, तों बायॉसचा पडदा निमूटपणें आला व बाणाच्या कळाही चालल्या. म्हणजे कळफलक निर्दोष, खांचही निर्दोष. विंडोज जागें झाल्यावर यूएसबीचा कारभार पाहणारा ड्रायव्हर तेवढा बिघडलेला. पण तो सुधारावयाचा तरी कशानें?

मागील बाजूस जांभळी, वाटोळी पीएस-टू खांच होती. ही जात आयबीएमनें १९८७ सालीं आणली. तिचा ड्रायव्हर निराळा. अडगळींतील जुना कळफलक, यंत्र बंद करूनच, तींत जोडला. तो चालला! मग केवळ कळांच्या साह्यानें डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी कंट्रोलरची नोंद काढली. यंत्र पुन्हां सुरू होतांना विंडोजनें ती आपण होऊन नव्यानें केली.

गुण मुदतींत गेले. त्या जुन्या कळफलकाचें नांव आम्ही भंगाराच्या यादींतून खोडलें.