षटकांची वही

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला आयपीएलचा मोठा लिलाव झाला. पालघरच्या शार्दूल ठाकूरचे नाव पुकारले गेले आणि दहापैकी एकाही संघाने हात वर केला नाही. २०२५ च्या हंगामासाठी लखनऊ सुपर जायंट्सने चार भारतीय वेगवान गोलंदाजांवर मिळून ३२ कोटी ७५ लाख रुपये लावले होते : मयंक यादव ११ कोटी, आवेश खान ९ कोटी ७५ लाख, आकाश दीप ८ कोटी आणि मोहसिन खान ४ कोटी. मार्च उजाडला तेव्हा मयंक आणि आकाश दीप पाठीच्या दुखण्याने बाहेर होते, तर आवेश आणि मोहसिन गुडघ्याच्या. लखनऊच्या पहिल्या सामन्यात चौघांपैकी एकही मैदानात नव्हता. सामन्याच्या आदल्या दिवशी, २३ मार्चला, मोहसिनच्या जागी ठाकूरला २ कोटींच्या मूळ किमतीत घेतल्याचे जाहीर झाले. २७ मार्चला हैदराबादेत त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले. वर्तमानपत्रांनी याला नशिबाचा फेरा म्हटले. ‘लिलावात नको असलेला मोहरा’ असे मथळे वाचायला बरे वाटतात, पण त्यांतून काहीच समजत नाही.

खेळाडूंच्या दुखापती हा माझा रोजचा विषय. सोलापुरात फिजिओचे काम करताना माझ्यासमोर येणाऱ्या मुलांत वेगवान गोलंदाज कायम असतात, आणि त्यांच्या पालकांचा, प्रशिक्षकांचा, क्लबच्या निवड समित्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : वय किती आणि वेग किती? माझे म्हणणे असे आहे की वेगवान गोलंदाज घेताना हे दोन्ही प्रश्न नंतरचे. गेल्या चार-पाच महिन्यांत त्याने किती षटके टाकली आणि किती सातत्याने टाकली, हा पहिला प्रश्न. लखनऊने तेहतीस वर्षांच्या ठाकूरला घेतले तो निर्णय या कसोटीवर बरोबर ठरतो. तो चार बळींमुळे बरोबर ठरत नाही. चार बळी मिळाले नसते तरी तो बरोबरच होता.

आधी शरीराचे पाहू. उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू सोडताना त्याचा डावा पाय ताठ होऊन क्रीजवर आदळतो. त्या क्षणी त्या एका पायातून शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार वर चढतो. त्याच वेळी कंबर मागे वाकलेली असते, डाव्या बाजूला झुकलेली असते आणि वळतही असते. या तिन्ही हालचालींचा ताण कमरेच्या खालच्या दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला, हाडाच्या एका अरुंद पट्टीवर येतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला तिथली बारीक चीर बहुधा डाव्या बाजूला पडते, ती यामुळेच. हे हाड पुरते घट्ट व्हायला विशी ओलांडून बरीच वर्षे जावी लागतात. म्हणून पाठीचा ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ हा मुख्यतः तरुण गोलंदाजांचा आजार आहे. पस्तिशीकडे झुकलेल्या गोलंदाजाच्या तक्रारी वेगळ्या : मांडीच्या मागचा स्नायू, पोटरी, घोटा, टाच. त्या त्रासदायक असतात, पण एका झटक्यात वर्ष खाणाऱ्या सहसा नसतात. जेम्स अँडरसनच्या पाठीचे हाड २००६ साली, तो चोविशीच्या आसपास असताना, चिरले होते. त्यानंतर तो २०२४ पर्यंत कसोटी खेळला आणि ७०४ बळी घेऊन वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कसोटीतून निवृत्त झाला. घट्ट झालेले हाड वाढत्या वयात गोलंदाजाच्या बाजूने उभे राहते, हे निवडणाऱ्यांच्या हिशेबात सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट ताणाची. ऑस्ट्रेलियात जॉन ऑर्चर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की एका सामन्यात पन्नासहून अधिक षटके टाकलेल्या वेगवान गोलंदाजांना पुढचे तीन-चार आठवडे दुखापतीचा धोका वाढलेला राहतो. यातला ‘पुढचे’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. शरीर बिल लगेच पाठवत नाही, उशिरा पाठवते. त्यानंतरच्या अभ्यासांनी जोड दिली ती अशी की नुसती षटके जास्त होणे हा धोका नसून, सवयीपेक्षा ती एकदम वाढणे हा धोका आहे. सोलापुरात चादरीचा माग ज्यांनी चालवला त्यांना हे वेगळे सांगायला नको : धागा जुना म्हणून तुटत नाही, ताण एकाएकी बदलला की तुटतो. सक्तीची विश्रांतीही याच कारणाने फसवी ठरते. दोन महिने घरी बसलेला गोलंदाज ताजातवाना दिसतो, पण पहिल्याच मोठ्या सामन्यात त्याचा ताण शून्यावरून शिखरावर जातो. २०११ साली लॉर्ड्सवर झहीर खानचे तेच झाले. आधीचा वेस्ट इंडिज दौरा तो खेळला नव्हता. इंग्लंडमध्ये पहिल्याच दिवशी, चौदावे षटक पूर्ण होण्याआधी, मांडीच्या मागचा स्नायू गेला आणि त्याची मालिका तिथेच संपली. श्रीरामपूरचा हाच झहीर २०२५ मध्ये लखनऊचा मेंटॉर होता. बदली गोलंदाज म्हणून तयार राहा, असा निरोप ठाकूरला त्याच्याकडूनच गेला होता.

आता ठाकूरची वही उघडू. जून २०२४ मध्ये लंडनला त्याच्या पावलावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरपासून तो मुंबईकडून रणजी खेळू लागला. फेब्रुवारीत विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला हरवले तोवर नऊ सामन्यांत त्याचे ३५ बळी आणि ५०५ धावा झाल्या होत्या. जानेवारीत जम्मू-काश्मीरविरुद्ध संघ कोसळत असताना ५१ आणि ११९, पुढच्याच सामन्यात मेघालयविरुद्ध हॅटट्रिक. रणजीच्या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात पांढऱ्या चेंडूचे सामनेही होतेच. एप्रिल-मेमध्ये इंग्लंडमध्ये एसेक्सकडून काउंटी खेळायचे ठरलेले असल्याने त्याचा सराव थांबायचे कारण नव्हते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर पाच महिने टप्प्याटप्प्याने चढवलेला ताण या शरीराने पेलला होता. ज्याने रणजीत दिवसाला पंधरा-वीस षटके टाकली आहेत, त्याच्यापुढे वीस षटकांच्या सामन्यातली चार षटके, म्हणजे चोवीस चेंडू, हा ताण खालचा होता. ३२ कोटी ७५ लाखांच्या चौघांकडे त्या घडीला हीच एक गोष्ट नव्हती, आणि ती लिलावात विकत मिळत नाही.

सातत्याच्या षटकांचा उपयोग नुसता तंदुरुस्तीपुरता नसतो, हातालाही होतो. हैदराबादेतले त्याचे एक षटक पुन्हा पाहण्यासारखे आहे. चार दिवसांपूर्वी त्याच मैदानावर सनरायझर्सने राजस्थानला २८६ धावा चोपल्या होत्या, त्यात इशान किशनच्या नाबाद १०६. ठाकूरने अभिषेक शर्माला आखूड चेंडू टाकला. अभिषेकने तो उचलला आणि सीमेजवळ निकोलस पूरनने झेल घेतला. पुढचाच चेंडू किशनच्या पायांवरून लेगला चालला होता. बॅटची पुसट कड लागून तो यष्टिरक्षक ऋषभ पंतच्या हातात गेला. दुसऱ्या बळीत नशिबाचा वाटा मोठा, हे कबूल. पण त्या रात्री २८६ च्या संघाला १९० वर रोखणाऱ्या गोलंदाजाकडे १४५ चा वेग नव्हता. होते ते टप्पा बदलण्याचे भान. हे भान नेटमध्ये येत नाही. थकलेल्या पायांनी, लागोपाठच्या सामन्यांत टाकलेल्या षटकांतून येते. योगायोग असा की २०१८ साली याच मैदानावर कसोटी पदार्पणात दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने त्याला बाहेर जावे लागले होते.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचाच आहे आणि तो रास्त आहे. त्या मोसमात ठाकूरने दहा सामन्यांत १३ बळी घेतले खरे, पण षटकामागे अकराहून अधिक धावा दिल्या. पहिल्या दोन सामन्यांतच सहा बळी आल्यावर उरलेल्या आठ सामन्यांत सातच आले. लिलावानंतर काही दिवसांतच सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत केरळविरुद्ध त्याच्या चार षटकांत ६९ धावा निघाल्या होत्या, हेही सगळ्यांना ठाऊक होते. लखनऊ शेवटी सातव्या स्थानावर राहिले. मग निर्णय बरोबर कसा? याचे उत्तर बेसबॉलमध्ये अधिक स्पष्ट दिसते. तिथला सुरुवातीचा पिचर एका सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू फेकतो आणि मग साधारण चार दिवस विश्रांती घेतो. अशा पाच पिचरांची पाळी लावून १६२ सामन्यांचा हंगाम काढायचा असतो. त्यातले दोघे कोपराच्या किंवा खांद्याच्या दुखण्याने गेले की संघ एखाद्या अनुभवी पिचरला वर्षभराच्या स्वस्त करारावर घेतो. विजेतेपद त्याच्या हातून यावे ही अपेक्षा नसते. त्याने पाळी सांभाळावी, म्हणजे उरलेल्यांवर जादा भार पडणार नाही, एवढेच काम. ठाकूरचे माप याच फूटपट्टीने घ्यायला हवे. संघाला आग लागलेली असताना पहिल्या दोन सामन्यांत त्याने पाळी सांभाळली. २ कोटींत यापेक्षा जास्त मागणे म्हणजे बदली खेळाडूकडून लिलावातल्या चुकांची भरपाई मागणे.

दुसरा आक्षेप तरुणांच्या बाजूने येतो : म्हातारे आणून बसवले तर पोरांनी कधी खेळायचे? सोलापुरात हा प्रश्न जवळचा वाटतो, कारण लखनऊच्या त्याच संघात आपल्या गावचा अर्शिन कुलकर्णी होता, आणि तोही मध्यमगती गोलंदाजी करणारा अष्टपैलू. पण मयंक यादवकडे पाहा. २०२४ च्या मार्चमध्ये १५५ किलोमीटरच्या पुढे चेंडू टाकून त्याने देशाला वेड लावले. पुढच्या मोसमात एप्रिलअखेर तो परतला, दोन सामने खेळला आणि पाठीने पुन्हा दगा दिला. बावीस वर्षांच्या या हाडाला वेळ हवा होता. संघात पाळी सांभाळणारा अनुभवी गोलंदाज असतो तेव्हाच अशा मुलाला तो वेळ देता येतो. अनुभवी माणूस नसला की अर्धवट बरा झालेला तरुण मैदानात उतरतो, कारण दुसरे कोणी नसते. ठाकूरने स्वतः २०२४ च्या रणजी मोसमात जाहीरपणे म्हटले होते की दोन सामन्यांत तीनच दिवसांची विश्रांती ठेवत राहिलात तर देशभर खेळाडू जायबंदी होतील. तरुणांच्या संधीची काळजी असलेल्यांनी त्या वाक्याकडे आधी पाहावे.

तिसरा आक्षेप माझ्याच युक्तिवादाच्या टोकावर आहे. षटके मोजायची तर वय मोजायचेच नाही का? मोजायचे, पण वयाने नकार ठरवायचा नाही, काळजी ठरवायची. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उमरीगरांनी १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या आणि १०७ धावांत ५ बळी घेतले, तेव्हा त्यांनी नुकतीच छत्तिशी गाठली होती. त्याच वर्षी पाठीच्या दुखण्याने त्यांची कसोटी कारकीर्द थांबली. त्या शरीराला दोन सामन्यांत किती उसंत द्यायची, हे ठरवणारे शास्त्र तेव्हा नव्हते, आज आहे. शरीराची अशी काळजी घेतली तर काय साधते, ते बेसबॉलमध्ये दिसते. १९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला अस्थिबंध बदलला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत आणि तो सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. बेसबॉलमध्ये आज शाळकरी पोराचेही चेंडू मोजले जातात. इंग्लंडमध्ये क्रिकेट मंडळाने वयोगटानुसार एका स्पेलमध्ये आणि एका दिवसात किती षटके टाकायची याच्या मर्यादा घातल्या आहेत. आपल्याकडे धावा दशांशापर्यंत मोजतात आणि षटके देवाच्या हवाली असतात.

जानेवारी २०२४ मध्ये इंदिरा गांधी स्टेडियमवर, आपल्या पार्क मैदानावर, महाराष्ट्राचा मणिपूरविरुद्धचा रणजी सामना झाला. त्यानंतर गावातल्या नेटवर गर्दी वाढली आणि वेगवान गोलंदाज व्हायचे म्हणणारी पोरेही वाढली. चांगला पळणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा सकाळी शाळेच्या संघात, दुपारी अकादमीच्या नेटमध्ये आणि रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धेत टाकतो. तीन ठिकाणचे तीन प्रशिक्षक आपापली षटके मोजतात आणि बेरीज कोणीच करत नाही. ती बेरीज करायला यंत्र लागत नाही. दहा-वीस रुपयांची वही पुरते. तारीख, सामन्यातले चेंडू, नेटमधले चेंडू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ कशी होती याचे एक वाक्य, एवढे चार रकाने मुलाने स्वतः भरावेत आणि तिन्ही प्रशिक्षकांना दाखवावेत. एका आठवड्याचा आकडा आधीच्या महिन्याच्या सरासरीपेक्षा एकदम फुगलेला दिसला, तर त्या रविवारी त्याला फक्त फलंदाजी करू द्यावी. कमरेत एकाच बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर वाढत असेल, तर ‘स्नायू धरला असेल’ म्हणून मलम चोळत बसू नये, गोलंदाजी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पालकांना आणि प्रशिक्षकांना माझी विनंती एवढीच : या दिवाळीत मुलाला नवे बूट घ्याल, त्यासोबत ही वहीही घ्या.